निर्माल्याची पिशवी आणि चाळीस सेकंद

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी माझे वडील गिरणीत कामाला होते तेव्हापासून येतो, पण पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. गेल्या रविवारी मुंबई बंदरात आमच्या क्लबची शिडाच्या बोटींची रेस होती आणि आमची बोट फिनिश लाईनवर चाळीस सेकंद उशिरा पोचली, म्हणजे पोचूनही न पोचल्यासारखीच, कारण मुदत संपली होती. आता तुम्ही म्हणाल चाळीस सेकंदांसाठी पेपरला पत्र कशाला. तर सांगतो, त्या दिवशी वाऱ्याने छळलं, ओहोटीने छळलं, ते आम्ही सोसलं आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, समुद्रावर जायचं तर ते धरूनच चालायचं. पण आमची रेस खरी गेली ती एका कॅरीबॅगमुळे, निर्माल्याच्या, कुणीतरी गाठ मारून खाडीत सोडलेल्या. आणि ह्याची दाद मागायला रेसच्या नियमांत कुठेच जागा नाही, मी घरी येऊन दोनदा वाचून बघितलं, म्हणून तुमच्याकडे लिहितोय.

आधी थोडं आमच्याबद्दल, कारण यॉट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पांढरीशुभ्र मोठी बोट आणि गॉगलवाला माणूस येतो. मी परळला राहतो, इन्शुरन्समध्ये नोकरी करतो, माझी स्वतःची बोट नाही. मी क्रू आहे, चौदा वर्षं झाली. बोट चोवीस फुटांची, तिच्यावर पाच माणसं. सुकाणूवर काका, वय सदुसष्ट, बोट त्यांची आणि ती त्यांनी सेकंडहँड घेऊन स्वतः घासूनपुसून उभी केलेली. मी मोठ्या शिडाच्या दोरीवर, दोघं जण पुढच्या शिडांवर, त्यातला एक नेरुळहून येतो, आणि बोटीच्या नाकावर सगळ्यात हलकी आणि चपळ अशी एक पोरगी, कुलाब्याच्या कोळीवाड्यातली, कॉलेजात आहे, तिचे वडील मासेमारी करतात. ऑक्टोबर ते मे आमचा सीझन, पावसाळ्यात बोटी बाहेर काढून झाकून ठेवतात. गुणांचा हिशोब उलटा असतो, पहिल्याला १, दुसऱ्याला २, असं करत सीझनच्या शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. आम्ही गेल्या रविवारपर्यंत दुसरे होतो, पहिल्यापेक्षा तीनच गुणांनी मागे, आणि चौदा वर्षांत आम्ही एकदाही सीझन जिंकलेला नाही.

त्या दिवशी वद्य प्रतिपदा होती. हे मुद्दाम सांगतो कारण सगळा खेळ त्याच्यावर होता. आमचे आजोबा रेवदंड्याचे, त्यांनी लहानपणी शिकवलेलं की तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वेळेला भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. प्रतिपदेला पाऊण. टाइड टेबलमध्ये बघितलं तर थोडा फरक असतो पण हिशोब चुकत नाही. म्हणजे रविवारी दुपारी पाऊणला भरती पूर्ण, आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं पाणी म्हणजे उधाण, चढतंही जोरात आणि उतरतंही जोरात. रेस साडेबाराला सुरू होणार होती, पाणी जवळजवळ थांबलेलं असताना, आणि काका सकाळीच बोलले की वेळेवर सुरू झाली तर पहिली फेरी आरामात होईल, उशीर झाला तर ओहोटी खाणार आपल्याला.

आणि उशीर झाला. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, तो दहा-अकराला पडतो, मग जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, तो आमचा वारा. पण हवेत धुरकं असेल, ऊन नीट पोचत नसेल, तर जमीन तापायला वेळ लागतो आणि खारा वारा येतच नाही लवकर. रविवारी तर इतकं धुरकं होतं की बंदरात उभं राहून घारापुरीचा डोंगर नुसता पुसट डाग दिसत होता. कमिटी बोटीवर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा चढला, दोन भोंगे वाजले, म्हणजे रेस पुढे ढकलली, थांबा. अकरा बोटी शिडं लोंबकळत ठेवून गेट वेच्या समोर तरंगत बसल्या. मांडव्याला जाणाऱ्या फेरीबोटी बाजूने जायच्या आणि त्यांच्या लाटांनी बोट अशी हलायची की शिडाचा दांडा इकडून तिकडे खाडकन. डोक्याला लागू नये म्हणून तो हाताने धरून ठेवावा लागतो, दीड तास.

ह्या दीड तासात काका १९८२ चं सांगत होते, त्या वर्षी आशियाई खेळ दिल्लीला झाले पण शिडाच्या बोटींच्या शर्यती इथे मुंबईत झाल्या, आणि फायरबॉल नावाच्या बोटींच्या प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया ह्या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. काका तेव्हा चोवीस वर्षांचे, त्या शर्यती त्यांनी एका होडीतून बघितल्या, आणि पाणी कसं होतं ते सांगताना हाताने असं दाखवत होते की बोटीच्या बाजूने वाकलं तर सुकाणूचं पातं खालपर्यंत दिसायचं. माझा त्यावर पूर्ण विश्वास नाही बसत, मुंबई बंदराचं पाणी गाळामुळे नेहमीच गढूळ, पण त्यांना तसं आठवतंय. पोरीला नेहा ठाकूरचं कौतुक, मध्य प्रदेशातली मुलगी, भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत रौप्य घेऊन आली. पोरगी म्हणाली, तलावावर शिकून मेडल आणता येतं तर आपल्याकडे तर सगळा समुद्र आहे. मला ते वाक्य दिवसभर आठवत राहिलं.

दोन वाजायला आले तेव्हा पोरीनेच पहिल्यांदा बघितलं, शहराच्या बाजूला पाण्याचा रंग गडद व्हायला लागला, म्हणजे तिथे वारा उतरलाय. झेंडा खाली, मग एका मिनिटाने पाच मिनिटांची उलटी मोजणी, आणि दोन-पाचला स्टार्ट. स्टार्ट आमचा फार चांगला झाला, आत्तापर्यंतच्या सीझनमधला सगळ्यात चांगला. वारा उत्तर-पश्चिमेचा, चार-पाच नॉटचा, म्हणजे गालाला जेमतेम कळेल इतका, आणि ओहोटी सुरू होऊन सव्वा तास झालेला. बोट वाऱ्याच्या तोंडाला सरळ जात नाही, तिरकी तिरकी डावी-उजवीकडे टॅक मारत वर चढवावी लागते, त्यात समोरून पाणी ढकलतंय. अशा वेळी काकांची खुबी अशी की ते किनाऱ्याच्या बाजूने उथळ पाण्यात जातात, तिथे ओढ कमी असते. वरच्या मार्कला, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला जिथून वळायचं त्या बोयाला, आम्ही दुसरे वळलो, खाली येताना स्पिनेकर, म्हणजे पुढचं मोठं गोल फुगणारं शीड, पहिल्याच झटक्यात भरला, ओहोटीसोबत तर बोट पळालीच, आणि खालच्या मार्कलाही दुसरे, पहिली बोट फार तर पन्नास मीटर पुढे. मागून नऊ बोटी. तेव्हा तीन-वीस झाले होते. कमिटीने दोन भोंगे देऊन रेस छोटी केली, म्हणजे आता फक्त वर चढायचं आणि वरच्या मार्कलाच फिनिश. आम्ही पाच जण एक शब्द बोलत नव्हतो, हलक्या वाऱ्यात बोटीवर कुणी जागचंही हलत नाही, नुसतं श्वास धरून बसल्यासारखं.

आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पहिल्या आणि शेवटच्या तासाला पाणी थोडंच हलतं, मधल्या दोन तासांत मात्र निम्मं पाणी उतरून जातं. साडेतीन म्हणजे बरोबर त्या मधल्या वेळेत होतो आम्ही. खोल पाण्यातली जोरदार ओढ आणि किनाऱ्याजवळचं संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात तिथे पाण्यावर एक लांब रेघ दिसते, फेसाची, आणि जे काही तरंगतंय ते सगळं त्या रेघेत येऊन गोळा होतं. संथ पाण्यात जायचं तर ती रेघ ओलांडायलाच लागते. पूर्वी त्या रेघेत पालापाचोळा, नारळाची सालं, लाकडाचे तुकडे असायचे असं काका सांगतात. रविवारी मी बघितलं ते असं, चिप्सची पाकिटं, थर्माकोलचे तुकडे, बाटल्या, एक चप्पल, दुधाच्या पिशव्या, झेंडूची फुलं, बाटल्या, बाटल्या. पोरगी पुढून हाताने खुणा करत होती, डावीकडे, उजवीकडे, आणि काका त्यातून वाट काढत होते. आम्ही पलीकडे गेलो. मोठी बाटली एकही लागली नाही म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

पण बोट जड झाली. हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल, शिडं भरलेली आहेत, बाजूच्या बोटींना तेवढाच वारा आहे, तरी बोट पाण्याला चिकटल्यासारखी वाटते. आधी आम्ही शिडांनाच दोष दिला, दोरी सैल केली, घट्ट केली, वजन पुढे सरकवलं. तोपर्यंत तिसरी बोट शेजारून निघून गेली, मग चौथी. काका म्हणाले सुकाणू धरवत नाहीये, काहीतरी ओढतंय, बघ मागे. मी मागे वाकून बघितलं तर सुकाणू आणि बोटीच्या मधल्या फटीत एक निळी नायलॉनची दोरी गेलेली, तिचा एक पेड खाली आणि त्याच्या टोकाला पाण्यात काहीतरी गुलाबी फुगलेलं, बादलीएवढं.

अशा वेळी बोट मागे चालवतात, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यात उभं करायचं आणि शिडाचा दांडा हाताने उलटा ढकलून धरायचा म्हणजे वारा बोटीला उलटी ढकलतो आणि अडकलेलं सुटतं. चांगल्या वाऱ्यात अर्ध्या मिनिटाचं काम आहे. चार नॉटच्या वाऱ्यात बोट मागे जाते की नाही तेच कळत नव्हतं, पाण्याबरोबर मात्र मागे जात होतो. एकदा केलं, सुटलं नाही, दुसऱ्यांदा केलं, दोरी अजून आत गेली. पाण्यात उतरून सोडवायला नियमाने बंदी नाही, उतरलेला माणूस बोटीला परत धरेपर्यंत बोट पुढे न्यायची नाही एवढंच, पण ओहोटीच्या भर जोरात आणि फेरीबोटींच्या वाटेवर काका कुणाला उतरू देत नाहीत, आणि १८ डिसेंबर २०२४ ला ह्याच बंदरात प्रवासी बोटीच्या अपघातात माणसं गेली तेव्हापासून तर अजिबातच नाही. मग पोरगी मागे आली, पालथी झोपली, निम्मी पाण्यावर, मी तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसलो आणि तिने आकड्याने दोरी वर ओढून सुरीने कापली. पिशवी तिने सोडली नाही, वर घेतली. सगळे मिळून अकरा मिनिटं. पाण्याची ओढ दोन नॉटची धरली तर मिनिटाला साठ मीटर, म्हणजे साडेसहाशे मीटरच्या वर आम्ही मागे गेलो होतो, जेवढं चढायला आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं लागली होती. दुसऱ्या नंबरवरून आठव्यावर.

पिशवी बोटीच्या मध्ये आमच्या पायात पडलेली होती. पातळ गुलाबी कॅरीबॅग, भाजीवाल्याकडे मिळते तशी, तिच्यावर दुसरी पिशवी, दोन गाठी. एक बाजू फाटलेली. आत झेंडूचा काळा पडलेला लगदा, दूर्वा असाव्यात असं काहीतरी, उदबत्तीचं पाकीट, अर्धा नारळ, आणि लक्ष्मीची एक छोटी तसबीर, काच फुटलेली, चौकट प्लॅस्टिकची. ज्या घरातून ती आली त्या घरात ह्या लक्ष्मीला रोज हळदकुंकू लागत असणार, कारण चौकटीच्या खाचेत ते अजून लालपिवळं बसलेलं होतं, समुद्राच्या पाण्याने पण गेलं नव्हतं. पोरीने ती तसबीर टीशर्टला पुसली आणि आत नेऊन कोरड्या जागेवर ठेवली. कोण काही बोललं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिली बोट चार-वीसला फिनिश झाली. त्यानंतर अर्ध्या तासात जे येतील त्यांनाच नंबर, म्हणजे चार-पन्नासपर्यंत. पाच बोटी पटापट लागून गेल्या आणि मग वारा पडला. आम्ही लाईनपासून सव्वादोनशे मीटरवर होतो. ओहोटी मागे न्यायला लागली तेव्हा काकांनी नांगर टाकला, रेसमध्ये नांगर टाकायला परवानगी असते, आणि मागे जाण्यापेक्षा जागेवर थांबणं म्हणजे पुढे जाण्यासारखंच, आमच्या शेजारच्या दोन बोटी वाहून गेल्या आणि आम्ही परत सहावे झालो. पंधरा-सोळा मिनिटं तसेच. मग परत वारा दिसला, नांगर उचलला, त्याच्यासोबत काळा चिखल वर आला आणि चिखलात गुटख्याच्या पुड्या, गादीच्या कापसासारख्या थराने एकात एक गेलेल्या. ते धुवायला, सोडवायला पुन्हा मिनिट-दीड मिनिट गेलं. शेवटी लाईनकडे जाताना बोट पाण्यावर रेंगाळत रेंगाळत जात होती, मी घड्याळाकडे बघत होतो, पोरगी लाईनकडे. चार-पन्नासला भोंगा वाजला तेव्हा आमचं नाक लाईनपासून चार बोटींच्या लांबीवर होतं. चाळीस सेकंदांनी आम्ही ओलांडली. अकरा बोटी उतरलेल्या, मुदतीत न आलेल्याला उतरलेल्या बोटींपेक्षा एक जास्त, म्हणजे १२ गुण. दोनच्या जागी बारा. सीझन गेला असं मी म्हणत नाही, मे पर्यंत अजून रेसेस आहेत, पण अवघड झालं.

घरी आल्यावर मी नियम काढून बसलो. शिडाच्या बोटींच्या रेसचे नियम जगभर सारखे असतात, दर चार वर्षांनी नवीन आवृत्ती येते, आत्ताची २०२५ ते २०२८ ची. त्यात दाद मागायची सोय आहे. कमिटीची चूक झाली, दुसऱ्या बोटीने नियम मोडून तुम्हाला ठोकलं, बुडणाऱ्याला मदत करायला तुम्ही थांबलात, तर गुण सुधारून मिळू शकतात. पिशवी अडकली तर नाही, आणि ते मला मान्य आहे, नाहीतर प्रत्येक जण तेच सांगेल. पण त्याच पुस्तकात अजून एक नियम आहे तो मला तुमच्या वाचकांना सांगायचाय. स्पर्धकाने मुद्दाम पाण्यात कचरा टाकायचा नाही, आणि हा नियम रेसपुरता नाही तर पाण्यावर आहात तोपर्यंत कायम लागू. बिस्किटाचा कागद जरी टाकला तरी शिक्षा होऊ शकते. म्हणून तर ती घाण पिशवी आम्ही धक्क्यापर्यंत पायात घेऊन आलो. अकरा बोटींवरच्या पन्नासएक माणसांना हा नियम आहे आणि आम्ही तो पाळतो, आणि ज्या पाण्यावर पाळतो त्या पाण्यात बाकीचं शहर काय टाकतं ते मी वर सांगितलं.

ती पिशवी कुठून आली ते मला नक्की सांगता येणार नाही, पण कुठल्या दिशेने आली ते सांगता येतं. मिठी नदीचा कचरा माहीमला जातो, तो पश्चिमेचा समुद्र, आमच्या बाजूला नाही येत. आमच्या बंदरात ओहोटीला जे पाणी उतरतं ते ठाण्याच्या खाडीचं आणि पनवेलच्या खाडीचं. नेरुळचा आमचा मित्र रोज हार्बर लाईनने मुंबईला येतो आणि मानखुर्द-वाशीच्या मधे गाडी खाडीच्या पुलावर आली की दारातल्या माणसांचे हात आपोआप वर होतात आणि पिशव्या खाली जातात, हे तो रोज बघतो. त्याने एकदा एका बाईंना सांगून पाहिलं, ताई, फुलं सोडा पण पिशवी तरी नका टाकू, तर त्या म्हणाल्या, देवाचं आहे, कचऱ्याच्या डब्यात टाकू का मग. मला त्या बाईंचा राग येत नाही. माझ्या आईनेही वर्षानुवर्षं निर्माल्य समुद्रातच सोडलंय, दादरच्या चौपाटीवर मी स्वतः तिच्याबरोबर गेलोय. पण ती परडीतून न्यायची, फुलं सोडायची आणि परडी घरी आणायची. फुलं दोन दिवसांत विरतात. पिशवी नाही विरत. आणि वाहत्या पाण्यात सोडलं की ते गेलं असं आपल्याला वाटतं, ते जात नाही, ओहोटीबरोबर सहा तास बाहेर येतं आणि भरतीबरोबर सहा तास परत आत जातं, रोज दोनदा, बाटल्या, पिशव्या, लक्ष्मीची तसबीर सगळं घेऊन, आणि पावसाळ्यात उधाणाला मरीन ड्राइव्हवर समुद्र ते उचलून आपल्याच अंगणात फेकतो, त्याचे फोटो तुम्हीच पहिल्या पानावर छापता.

आमची रेस ही शेवटी रविवारची रेस आहे, तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. पोरीचे वडील मात्र त्याच पाण्यावर पोट भरतात. संध्याकाळी ते धक्क्यावर तिला घ्यायला आले होते, तिने पिशवी दाखवली तर म्हणाले, तुमची एकच आली ना, आमच्या जाळ्यात रोज येतात, आणि मासळी निवडायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ प्लॅस्टिक निवडायला लागतो. प्लॅस्टिक पंख्यात अडकून भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर टो करून आणायचा खर्च वेगळा. त्यांच्या बोलण्यात राग पण नव्हता, सवय झाल्यासारखं बोलत होते, आणि मला तेच जास्त लागलं.

महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी २०१८ ला आली, मार्चमध्ये अधिसूचना आणि २३ जूनपासून दंड, मला आठवतंय पहिले दोन महिने माझी बायको कापडी पिशवी पर्समध्ये घडी करून न्यायची आणि भाजीवाले पिशवी मागितली तर हात जोडायचे. मग देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठराविक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. कायदा आहे, दोन-दोन आहेत. आमच्या सुकाणूत अडकली ती पिशवी त्या दोन्ही कायद्यांनंतर कुणीतरी बनवली, कुणीतरी विकली, कुणीतरी त्यात गजरे बांधून दिले.

माझं मागणं फार मोठं नाहीये. खाडीपुलाच्या दोन्ही टोकांच्या स्टेशनांवर, प्लॅटफॉर्मवर, गाडीत चढायच्या आधी दिसेल असा स्वच्छ निर्माल्य कलश ठेवा, कचऱ्याच्या डब्याच्या शेजारी नको, लांब ठेवा, वर झाकण असू दे, आणि तो रोज रिकामा होऊ दे आणि त्याचं खत कुठल्या बागेत जातं ते तिथेच लिहा, म्हणजे त्या ताईंना पटेल की देवाचं देवालाच गेलं. गणपतीत आपण हे सगळं करतो, चौपाटीवर कलश असतात, स्वयंसेवक असतात आणि लोक रांगेत उभे राहून टाकतात, मग वर्षातले बाकीचे दिवस का नाही. दुसरं, ओहोटीची ती कचऱ्याची रेघ रोज ठरलेल्या वेळेला दिसते, तिथीवरून आधीच सांगता येते, तर तरंगता कचरा उचलणारी एखादी बोट त्या वेळेला तिथे उभी केली तर पसरलेल्या बंदरात शोधत फिरायला नको, पाणी स्वतःच गोळा करून देतंय. आम्ही क्लबवाले आणि कोळीवाड्यातली माणसं जागा दाखवायला येऊ, कधीही बोलवा. आणि तिसरं तुमच्याकडे, पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस तुम्ही ठळक छापता, ते लोकांना पाठ असतात, तसंच रोजच्या तिथीशेजारी भरती-सुकतीची वेळ वर्षभर छापा, दोन ओळींची जागा लागेल. ज्या शहराच्या लोकांना आज पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार ते माहीत असेल ते खाडीत टाकलेली वस्तू कुठे जाते त्याचा पण विचार करतील असं मला वाटतं.

तसबीर पोरीने घरी नेली. तिच्या आईने काच बदलून ती देव्हाऱ्यात ठेवलीय असं तिने परवा मेसेज करून कळवलं, फोटो पण पाठवला, नवीन हळदकुंकू लावलेला.

पुढच्या रविवारी अष्टमी आहे. भरती सहाला, भांगाचं पाणी, म्हणजे ओढ कमी असेल, पण रेसभर पाणी आत येत असणार आणि जे बाहेर गेलं होतं ते सगळं त्याच्याबरोबर. काकांनी एक लांब दांड्याची जाळी आणि दोन गोणपाटं बोटीवर घ्यायला सांगितलंय, स्टार्टच्या आधीच्या वेळेत जमेल तेवढं उचलू. बाकीच्या दहा बोटींना पण निरोप दिलाय. तुमचा वार्ताहर किंवा फोटोग्राफर यायला तयार असेल तर सकाळी साडेदहाला गेट वेच्या धक्क्यावर थांबा म्हणावं, कमिटी बोटीवर जागा करून द्यायला मी सांगून ठेवलंय, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन यायला सांगा, ऊन फार असतं.

आपला,
एक जुना वाचक, परळ, मुंबई